‘लहानपणापासूनच सेवेची आवड होती’ हे वाक्य न लिहिता बालपण कसं लिहावं?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. निपाणी भागातल्या तुमच्या गावच्या आरोग्य उपकेंद्रात आयुष्यभर नोकरी केलेल्या नर्सबाईंचा, ज्यांना सगळा गाव आक्का म्हणतो त्यांचा, सत्कार ठरलाय. त्यानिमित्त गौरव अंक निघणार आहे आणि त्यातला ‘बालपण व शिक्षण’ हा चार पानांचा लेख तुमच्या वाट्याला आलाय. आक्का स्वतः म्हणतात, “गरिबी होती, शिकले, नोकरी लागली, झालं की.” भाच्याने तीन प्रसंग दिलेत: स्वतःची भाकरी भिकाऱ्याला दिली, कुत्र्याच्या मोडक्या पायाला चिंधी बांधली, आजारी शेजारणीचं पाणी भरलं. आई विड्या वळायची, वडील तंबाखूच्या वखारीत हमाल. लग्न लवकर झालं होतं, पण तो विषय घरच्यांना नको आहे. “एवढ्याशा माहितीतून प्रेरणादायी लेख कसा करू?” असं तुम्ही विचारलंय.

मी हायस्कूलला मराठी शिकवलं आणि त्यासोबत बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या शाळांच्या, सोसायट्यांच्या, मंडळांच्या स्मरणिका आणि गौरव अंक वर्षानुवर्षं संपादित करत आले. तेव्हा खरं सांगते, तुमचे हे तीन प्रसंग माझ्या ओळखीचे आहेत. भाकरी, कुत्रा आणि पाणी. डॉक्टरांच्या अंकात येतात, गुरुजींच्या अंकात येतात, सरपंचांच्याही येतात. नावं अदलाबदल केली तरी कुणाच्या लक्षात येणार नाही. भाचा खोटं सांगतोय असं मी म्हणत नाही. मोठ्या झालेल्या माणसाचं लहानपण कुणी विचारलं, की घरचे लोक आजच्या माणसाकडे बघून मागचं आठवतात. आज आक्का दयाळू आहेत, म्हणून बालपणातला दयाळूपणा तेवढा वर येतो. त्यांनी भावाला बदडलं असेल, शाळा चुकवून ओढ्यावर गेल्या असतील, ते कुणी सांगणार नाही.

तेव्हा माहिती कमी पडतेय असं मला वाटत नाही. तुम्ही चुकीच्या जागी शोधताय. ‘या मुलीत सेवाभाव कुठे दिसतो’ हे विचारलं की उत्तर आधीच ठरलेलं असतं. त्याऐवजी असं विचारा: वखारीतल्या हमालाची मुलगी, त्या काळात, त्या घरातून, बेळगावला नर्सिंगच्या ट्रेनिंगला पोचलीच कशी? तिला कुणी पोचवलं? कुणाचं काय खर्ची पडलं? याचं उत्तर आधीपासून कुणाला ठाऊक नसतं, बहुतेक वेळा तुमच्या आक्कांनीही ते सलग कधी सांगितलेलं नसतं.

बाबा आमट्यांचं उदाहरण घ्या. १९१४ साली हिंगणघाटला श्रीमंत जमीनदाराच्या घरी जन्म. पोरवयातच बंदूक हातात आली, शिकारीचा नाद लागला. पुढे स्वतःची मोटार होती, तिच्या बैठकांना बिबट्याचं कातडं होतं, इंग्रजीतून सिनेमाची परीक्षणं लिहायचे. पुढे कुष्ठरोग्यांसाठी उभारलेल्या आनंदवनाचं ‘बीज’ या तरुणात शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. आणि पुढे वरोऱ्याला पावसात पडलेला तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी दिसला तेव्हा ते आधी घाबरून पळाले, हे त्यांनी स्वतःच सांगितलंय. त्यांचं तरुणपण वाचताना आपण थांबतो ते या पळण्यापाशी. तिथे पहिल्यापासूनचा दयाळू मुलगा रंगवला असता तर तो तुळशीराम नुसता निमित्त म्हणून उरला असता.

आता कशावर काय अवलंबून आहे ते आधी सांगते, म्हणजे पुढचं तुम्ही आपल्या परिस्थितीप्रमाणे घ्याल. आक्का हयात आहेत, अंक त्यांच्या हातात पडणार आहे आणि त्या त्याच गावात राहणार आहेत. हे सगळ्यात महत्त्वाचं. गेलेल्या माणसावर अभ्यासक लिहितो तेव्हा त्याला जी मोकळीक असते ती तुम्हाला नाही, आणि नसावी. दुसरं, अंकाचा खर्च कोण करतंय ते बघा. मंडळ करत असेल तर एक गोष्ट, आक्कांचे भाऊबंद करत असतील तर दुसरी. तिसरं, त्यांचं बोलणं. काही बायका एका बैठकीत सगळं सांगून मोकळ्या होतात, काहींकडून एकेक वाक्य येतं. तुमच्या आक्का दुसऱ्या प्रकारातल्या दिसतात. त्यांच्याकडे दोनतीनदा जावं लागेल.

पहिलं काम त्यांच्याकडे जाण्याआधीचं आहे. त्या ज्या प्राथमिक शाळेत शिकल्या तिथल्या मुख्याध्यापकांना भेटून जनरल रजिस्टर, म्हणजे मुलांच्या दाखल्याच्या नोंदींची वही, बघायची परवानगी मागा. आक्कांच्या सहीचं दोन ओळींचं पत्र सोबत न्या, उगाच कुणाच्या नोंदी कुणालाही दाखवू नयेत आणि चांगले मुख्याध्यापक दाखवतही नाहीत. रजिस्टरात जन्मतारीख बहुधा १ जून असेल. हसू नका, आपल्याकडे त्या पिढीत निम्मा वर्ग १ जूनला जन्मलेला असायचा. शाळा जूनला सुरू, वय भरलं पाहिजे, घरी तारीख कुणाला माहीत नाही, मग गुरुजी १ जून टाकायचे. तेव्हा ‘आक्कांचा जन्म १ जून १९५५ रोजी झाला’ असं छातीठोक लिहू नका. ‘शाळेच्या दाखल्यावर १ जून १९५५ अशी नोंद आहे’ असं लिहा. आईने सांगितलेली खूण मिळाली, म्हणजे ‘बेंदराच्या आदल्या दिवशी’ किंवा ‘यात्रेच्या सुमारास’, तर ती त्याखाली द्या.

तारखेपेक्षा मला त्या रजिस्टरातले शाळा सोडल्याचे आणि पुन्हा दाखल झाल्याचे रकाने जास्त मोलाचे वाटतात. खानापूर तालुक्यातल्या एका निवृत्त कंपाउंडरवर आम्ही लेख करत होतो. गोरगरिबांना फुकट औषध देणारा माणूस म्हणून त्यांची ख्याती. घरच्यांनी त्यांचंही डबा वाटून खाण्याचं बालपण सांगितलं होतं. रजिस्टरात तिसरीत नाव कमी केलेलं, शेरा ‘सतत गैरहजर’. पुढच्याच्या पुढच्या पानावर तेच नाव पुन्हा दाखल, वेगळ्या शाईत, आणि पालकाच्या रकान्यात वडिलांच्या जागी दुसऱ्याच कुणाचं नाव. विचारल्यावर ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, “ते आमच्या गल्लीतले शिंपी. आई गेल्यावर वडील गोव्याला कामाला गेले, या शिंप्यांच्या बायकोनं मला ठेवून घेतलं.” लेख तिथे सुरू झाला. शिंप्याच्या घरी मशीनखाली झोपणं, काजं करून देणं, त्या बाईंनी आपल्या पोरांसोबत याचाही शर्ट शिवणं. सत्तरी ओलांडेपर्यंत ही गोष्ट त्यांच्या स्वतःच्या मुलांनाही पुरती ठाऊक नव्हती. डब्याचा प्रसंग आम्ही गाळला.

एक सूचना: रजिस्टरातल्या पानाचा फोटो अंकात छापू नका. त्यात जात असते, इतर मुलांची नावं असतात. माहिती घ्या, पान तिथेच राहू द्या.

आता आक्कांशी बोलणं. ‘तुम्हाला सेवेची प्रेरणा कुठून मिळाली?’ हा प्रश्न चुकूनही विचारू नका. त्याला उत्तर म्हणून भाषण मिळतं, तेही आपण सत्काराला ऐकतो त्याच साच्याचं. वस्तू विचारा, जागा विचारा, माणसं विचारा. घरात कोण कुठे झोपायचं? पाणी कुठून आणायचं, किती लांबून? आई विड्या घरी वळायची की कारखान्यात बसून? मुलींना त्या कामाला कितव्या वर्षी बसवायचे? पानं भिजवणं, कापणं, दोरा बांधणं यातलं तुमच्याकडे काय होतं? विडी वळणाऱ्या घरातल्या मुलीला शाळेत पाठवणं म्हणजे रोजच्या हजारांतल्या काही विड्या कमी भरणं. मजुरी हजारावर ठरते, त्यामुळे हा तोटा आठवड्याच्या हिशेबात लगेच दिसायचा. हा तोटा कुणी सोसला? आईने रात्री चिमणीच्या उजेडात जास्त वेळ बसून सोसला का? असं असेल तर तुमच्या लेखाचं पहिलं पान त्या आईचं आहे.

मग ट्रेनिंगला जाण्याचा दिवस विचारा. फॉर्म कुणी आणला, कुणी भरला, एसटीचं तिकीट कुणी काढलं, सोबत कोण गेलं, सामान कशात भरलं. मी एका जुन्या एएनएमना, म्हणजे उपकेंद्रावरच्या नर्सबाईंना, नुसतं ‘ट्रंक कुणाची होती?’ एवढंच विचारलं होतं. ट्रंक शेजारच्या फौजी माणसाची निघाली. काळ्या रंगाची, झाकणावर पांढऱ्या अक्षरांत त्यांचं नाव, नंबर आणि मराठा रेजिमेंट असं लिहिलेलं. फौजीच्या बायकोने आपल्या साड्या गाठोड्यात बांधल्या आणि ट्रंक या मुलीला दिली. होस्टेलात सगळ्या पोरी हिला त्या फौजीच्या आडनावानेच हाक मारायच्या. आपल्या बेळगाव भागात घराघरांत फौजी आहेत, अशी ट्रंक तुम्हालाही भेटेल. नाही भेटली तर दुसरं काही भेटेल. पण ते ‘प्रेरणा’ विचारून भेटत नाही.

भावंडांचा प्रश्न जपून विचारा, पण विचारा. आईला किती बाळंतपणं झाली, त्यातली किती पोरं जगली? त्या काळी घरी बाळंतपण, नाळ कापायला हाताशी असेल ते, आणि आठदहा दिवसांचं बाळ धनुर्वाताने जाणं हे खेड्यात नवीन नव्हतं. तुमच्या आक्कांनी पुढे आयुष्यभर जे केलं, गरोदर बायकांना धनुर्वाताची इंजेक्शनं टोचणं आणि उकळलेल्या पात्याचा आग्रह धरणं, त्याचा धागा इथे असू शकतो. असू शकतो, असं म्हणते. तो त्यांनी स्वतः जोडला तरच लिहा. तुम्ही आपल्या मनाने जोडलात तर ती पुन्हा भाकरीचीच गोष्ट झाली, जरा शिकलेली.

वर्षं जुळवताना त्यांना साल विचारू नका. त्या पिढीला साल आठवत नाही, घटना आठवतात. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झाला. ‘भूकंपाला मी कितवीत होते’ हे जवळजवळ प्रत्येकाला सांगता येतं. १९७२ चा दुष्काळ, ती मिलोची लाल ज्वारी. १९६२, १९६५ आणि १९७१ ची युद्धं, कारण गल्लीतला कुणीतरी तिकडे असायचा. सीमाभागाच्या म्हणून वेगळ्या खुणाही आहेत: सीमाप्रश्नासाठी सेनापती बापटांनी केलेलं १९६६ चं उपोषण, त्याच वर्षी या वादावर नेमलेला महाजन आयोग आणि १९६७ चा त्याचा अहवाल, ज्याच्यामुळे गावात सभा आणि मोर्चे व्हायचे. या दोनतीन खुणांच्या मध्ये आक्कांच्या आठवणी ठेवत गेलात की क्रम आपोआप लागतो, आणि दाखल्याशी तो जुळतो की नाही तेही कळतं.

याच ओघात एक गोष्ट येऊ द्या, फार न ताणता. १९५५ च्या आसपास जन्मलेली तुमच्या गावची मुलगी मुंबई राज्यात जन्मली, १ नोव्हेंबर १९५६ पासून म्हैसूर राज्यात आली आणि १ नोव्हेंबर १९७३ पासून कर्नाटकात. घर तेच, उंबरा तोच. शाळा मराठी. पण ट्रेनिंगची पुस्तकं, वॉर्डातले रुग्ण, पुढे आरोग्य केंद्राला पाठवायचे रिपोर्ट, यांतलं बरंच कन्नडमध्ये. त्यांना कन्नड कुणी शिकवलं? होस्टेलातल्या मैत्रिणीने, वॉर्डातल्या आयाबाईने, की विडी कारखान्यातल्या आईच्या जोडीदारणींमुळे आधीच येत होतं? यावर एक परिच्छेद निघेल आणि तो फक्त आपल्याच भागातल्या माणसाला लिहिता येतो. इथे सीमाप्रश्नावर भाषण मात्र करू नका. अंक आक्कांचा आहे. त्यांच्या हातून जन्मलेली निम्मी पोरं कानडी घरांतली असतील.

आता तुम्ही ज्याला बगल देऊ पाहताय त्या विषयाकडे येते, म्हणजे लग्न. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण तुमचा लेख इथेच उभा राहील किंवा पडेल.

त्या काळात खेड्यातली मुलगी नर्सिंगला जाणं सोपं नव्हतं. रक्त, बाळंतपण, परक्या पुरुषांना हात लावणं, रात्रपाळी, होस्टेल. ‘चांगल्या घरच्या’ म्हणवणाऱ्यांनी हे काम आपल्या मुलींना दिलं नाही. मग या कामात आलं कोण? एक वाट मिशनची होती. मिरजेला डॉ. वॉनलेस यांचं मिशन हॉस्पिटल १८९४ साली उभं राहिलं, तिथे नर्सिंगचं शिक्षणही फार लवकर सुरू झालं, आणि आपल्या पट्ट्यातल्या कितीतरी मुली तिथून तयार झाल्या. दुसरी वाट विधवांची आणि टाकलेल्या बायकांची. महर्षी कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला तो विधवांना शिकवून आपल्या पायावर उभं करायला. पुण्याच्या सेवासदनाने, १९०९ पासून रमाबाई रानड्यांच्या देखरेखीखाली, बायकांना नर्सिंगच्या शिक्षणाकडे वळवलं, त्यांतही विधवा पुष्कळ होत्या. स्वातंत्र्यानंतर सरकारी ट्रेनिंग आलं, स्टायपेंड आला, तरी गावोगावच्या नर्सबाईंचं बालपण विचारलं की मोडलेलं लग्न पुष्कळदा निघतं. १९७८ पर्यंत कायद्यानेच मुलीच्या लग्नाचं वय पंधरा होतं, आणि तेही कोण बघत होतं म्हणा.

म्हणजे असं बघा, आक्कांचं लग्न लवकर झालं, काही कारणाने त्या माहेरी परतल्या आणि मग ट्रेनिंगला गेल्या, असं असेल तर लग्नाची गोष्ट काढून टाकल्यावर लेखात कारणच उरत नाही. ‘सेवेच्या ओढीने त्यांनी नर्सिंगची वाट धरली’ हे वाक्य मग ती फट बुजवायला येतं. ते त्यांच्यावर अन्याय करणारं आहे. सासर सुटलेल्या सतरा-अठरा वर्षांच्या पोरीला तेव्हा विड्या वळत भावाच्या घरी उमेद संपेपर्यंत राहणं ही ठरलेली वाट होती. ती सोडून ती बेळगावच्या एसटीत बसली. सत्कार याचाही आहे.

तरीही माझं मत स्पष्ट आहे: यात शेवटचा शब्द आक्कांचा, घरच्यांचा नाही आणि तुमचाही नाही. घरच्यांना ‘नको’ असण्याची कारणं वेगळी असतात. पुतण्यांच्या सोयरिकी, त्या दुसऱ्या गावातल्या लोकांशी आजचे संबंध, कधी नुसती लाज. आक्कांचं मन काय म्हणतं ते त्यांना एकट्यात विचारल्याशिवाय कळणार नाही, आणि तुम्ही पुरुष असाल तर एकट्यात विचारणं तुम्हाला जमणार नाही. अंकाच्या कामात असलेली एखादी बाई, शाळेतल्या मॅडम किंवा त्यांच्या हाताखाली काम केलेली आशा कार्यकर्ती, सोबत न्या आणि थोड्या वेळाने तुम्ही बाहेर ओट्यावर जाऊन बसा. प्रश्न सरळ विचारायचा: “आक्का, लग्नाचं लिहावं का? लिहिलं तर किती लिहावं?” मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू असेल तर हा भाग आल्यावर बंद करा, आणि बंद केल्याचं त्यांना दाखवा.

उत्तर तीन प्रकारचं येतं. कधी त्या म्हणतात, “लिहा की, खरं आहे ते लिहायला काय झालं?” मग घरच्यांना त्या स्वतःच गप्प करतात. तुम्ही मध्ये पडायचं नाही. कधी म्हणतात, “थोडकं लिहा.” मग एकच ओळ: ‘सतराव्या वर्षी त्या माहेरी परतल्या आणि पुढच्याच वर्षी ट्रेनिंगला गेल्या.’ वाचणाऱ्याला काय ते कळतं, नाव-गाव कुणाचं येत नाही. आणि कधी म्हणतात, “नको बाई ते.” मग नको. पण तेव्हाही ती जागा खोट्याने भरू नका. सातवीनंतरच्या काही वर्षांबद्दल लेखात काहीही नसलं तरी चालतं. लेख शाळेतून सरळ बेळगावच्या स्टँडवर उतरू द्या. मधली वर्षं आक्कांची आहेत.

हीच गोष्ट जातीची आणि वडिलांच्या दारूची, असलीच तर. आक्कांनी सांगितलं आणि त्याने काही उलगडत असेल तर लिहा, नुसतं करुण वाटावं म्हणून लिहू नका. गौरव अंकात गरिबी फार उधळतात. फाटकं परकर-पोलकं, चटणी-भाकरी, चिमणीचा उजेड, असं एका पानात सगळं कोंबलं की वाचणारा डोळे मिटून पान उलटतो. एकच खरी गोष्ट पुरते, आणि ती किंमत सांगणारी असावी. ‘दप्तर नव्हतं’ याने काही कळत नाही. ‘पाटी फुटली तेव्हा नवी आणायला आठवडे बाजारापर्यंत थांबावं लागलं, तोवर शेजारच्या बाकावरच्या मुलीच्या पाटीची मागची बाजू वापरली’ असं काही आक्कांच्या तोंडून आलं तर ते लिहा. त्यात ती शेजारची मुलगीही आली.

इथवर जे सांगितलं ते एका ओळीत असं: आक्कांच्या हातून पुढे किती मदत झाली ते इतर लेखात येईल, बालपणाच्या लेखात आक्कांपर्यंत मदत कशी पोचली किंवा कुठे अडली ते येऊ द्या. ‘अडली’ हेही तितकंच मोलाचं आहे, आणि यासाठी मी नेहमी दोन मोठ्या माणसांची उदाहरणं देते.

एक कर्वे. मुरुडचा मुलगा सहावीची परीक्षा द्यायला सोबत्यांबरोबर घाट चढून, पावसापाण्यातून, काही दिवस चालत साताऱ्याला गेला. तिथे परीक्षा समितीने त्याला बसूच दिलं नाही, कारण तो दिसायला लहान होता आणि परीक्षेला लागणारं सतराचं वय भरलंय हे कुणाला पटेना. दाखला जवळ होता, तरी नाही. यात दयेचा, सेवेचा मागमूस नाही. पण पुढे शंभरीपर्यंत चिवटपणे काम करणारा माणूस ओळखायला याहून चांगला प्रसंग मला माहीत नाही, आणि कर्व्यांनी तो स्वतः लिहून ठेवलाय, कुणा भाच्याने सांगितलेला नाही.

दुसरे कर्मवीर भाऊराव पाटील, आणि ते तर तुमच्या शेजारचेच. जन्म १८८७, हातकणंगले तालुक्यातल्या कुंभोजचा. अभ्यासात फार पुढे गेले नाहीत, इंग्रजी सहावीच्या आसपास शिक्षण थांबलं. कोल्हापूरला राजाराम हायस्कूलला असताना जैन बोर्डिंगात राहायचे. शाहू महाराजांच्या काळात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले, परत आल्यावर आंघोळ करून शुद्ध हो मगच जेवायला बस असा आग्रह झाला, तो त्यांनी मानला नाही आणि बोर्डिंग सुटलं. नंतर काचसामानाच्या आणि किर्लोस्करांच्या नांगरांच्या विक्रीसाठी गावोगाव हिंडले. (ते नांगर करणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, आणि त्यांचा धंदा बेळगावातच सायकलींच्या दुकानातून सुरू झाला होता. लोक विसरतात म्हणून सांगितलं.) १९१९ साली रयत शिक्षण संस्था निघाली, १९२४ मध्ये साताऱ्याचं बोर्डिंग, जिथे सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला जेवायची. पोरांच्या तोंडी घास पडावा म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं दिलं. आता बघा, ज्या मुलाला बोर्डिंगाने आसरा दिला आणि त्याच बोर्डिंगाने पंगतीवरून उठवलं, त्याने पुढे बोर्डिंगच काढलं, आणि पंगत बदलून काढलं. ‘लहानपणापासून समतेची आवड होती’ असं लिहिलं असतं तर हे सगळं झाकलं गेलं असतं.

तुमच्या आक्कांना कुणी अडवलं होतं का ते विचारा. एखादा फॉर्म परत आला, एखाद्या घरी पाणी वरून ओतलं, होस्टेलात कुणी ताट वेगळं ठेवलं. सांगितलं तर त्या माणसाचं नाव नका घालू, प्रसंग घाला.

आणि भाच्याच्या तीन प्रसंगांचं काय? कुत्रा सोडून द्या. भाकरीचा प्रसंग ठेवायचा असेल तर आक्कांना एवढंच विचारा की ती भाकरी गेल्यावर तुम्ही काय खाल्लं, आणि आई काय म्हणाली. आईने पाठीत धपाटा घातला असेल तर प्रसंग ठेवा, धपाट्यासकट. पाण्याचा प्रसंग मला चांगला वाटतो, कारण तो पडताळता येतो. शेजारीण कोण, विहीर कुठली, किती खेपा, कितवीत असताना. आणि हेही विचारा की त्या शेजारणीने आक्कांसाठी काय केलं होतं. खेड्यात पाणी सहसा एकाच बाजूने वाहत नाही. कोण जाणे, ट्रंक तिचीच निघायची.

लिहायला बसाल तेव्हा जन्मापासून सुरू करण्याची सक्ती नाही. ट्रेनिंगला निघण्याच्या दिवसापासून सुरू करा आणि मागे जा, चार पानांत ते नीट बसतं. आक्कांचं बोलणं त्यांच्याच शब्दांत ठेवा, ‘आमच्या आवशीनं’ म्हणाल्या तर ‘माझ्या मातोश्रींनी’ करू नका. विशेषणं जितकी काढता येतील तितकी काढा. थोर, महान, त्यागमूर्ती हे शब्द अध्यक्षांच्या मनोगतात भरपूर येणार आहेत, तुमच्या लेखात त्यांची गरज पडणार नाही.

छापायला देण्याआधी लेख आक्कांना मोठ्याने वाचून दाखवा. चष्मा लावून स्वतः वाचते म्हणाल्या तरी तुम्ही वाचा, म्हणजे कुठे त्यांचा चेहरा बदलतो ते तुम्हाला दिसेल. तिथे थांबून विचारा. प्रूफ दोनदा तपासा, विशेषतः गावांची, शाळेची आणि माणसांची नावं. आपल्याकडे डीटीपीवाल्याला कानडी आडनावं लिहायची सवय नसते आणि चूक नेमकी त्यातच राहते. लेखात ज्यांनी आक्कांना हात दिला त्यांची नावं येतील: ते गुरुजी, ती शेजारीण, फॉर्म भरणारे कुणी. त्यांच्या घरचं आज गावात किंवा जवळपास कुणी असेल तर शोधून काढा, अंक निघण्याआधी त्यांच्यापुरता मजकूर त्यांना दाखवा, कारण त्यांच्याकडे त्याच दिवसाची दुसरी बाजू असते आणि कधी फोटोही असतो. कार्यक्रमाची पत्रिका त्यांना हातात नेऊन द्या आणि मंडळाला सांगून पहिल्या रांगेत खुर्च्या राखून ठेवा. पुढाऱ्यांसाठी राखलेल्यांतल्या दोनतीन काढल्या तर कुणाचं काही बिघडत नाही.